वरातीमागून ढाल: लढाईत बचावाची वेळ चुकवणाऱ्या चुका

"एकोणीस. लागला. चौदा डॅमेज." डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, एका दमात बोलून मोकळा होतो. विझार्ड (जादूगार) खेळणारा मान वर करून म्हणतो, "थांब ना, मी शील्ड टाकतो." डीएम म्हणतो, आता उशीर झाला. विझार्ड म्हणतो, मला बोलायला वेळ दिलास कुठे? तिसरा पुस्तक उघडतो, चौथा फोन काढतो आणि ज्या गॉब्लिनवरून हे सगळं सुरू झालं तो बिचारा तलवार उगारून तसाच उभा राहतो.

आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचे भूमिकांचे खेळ, खेळणाऱ्या बहुतेक गटांत हा वाद कधी ना कधी झालेला असतो. गंमत म्हणजे नियमांत उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट असतं. गोंधळ होतो तो डीएमच्या बोलण्याच्या वेगामुळे, आणि सगळे बचाव एकाच जातीचे समजल्यामुळे.

एका वाराचे चार टप्पे पाडून बघा. कोण कोणावर वार करतोय ते जाहीर होतं, फासा पडतो, लागला की चुकला ते ठरतं, आणि शेवटी डॅमेज, म्हणजे किती इजा झाली ते. प्रत्येक बचाव यांतल्या एखाद्याच फटीत बसतो. ती फट गेली की तो बचावही गेला. पुढची बहुतेक उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली आहेत, २०१४ ची पुस्तकं आणि २०२४ ची सुधारित, कारण जास्तीत जास्त लोक तेच खेळतात. बाकीच्या खेळांकडेही वळू, कारण खरे घोटाळे एका खेळातली सवय दुसऱ्यात नेल्यावर होतात.

"रिॲक्शन आहे ना, मग कधीही वापरेन"

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवतो. रिॲक्शन म्हणजे एखाद्या घटनेला (तिला ट्रिगर म्हणतात) उत्तर म्हणून मधेच करायची कृती.

शेजारी उभ्या सोबत्याला ढालीने वाचवणारी 'प्रोटेक्शन' ही फायटिंग स्टाइल घ्या. तिचा ट्रिगर आहे, शत्रू तुमच्या ५ फुटांतल्या सोबत्यावर वार करतो तो क्षण. परिणाम म्हणजे त्या वाराच्या फाशावर डिसअॅडव्हान्टेज, दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. म्हणजे फासा पडण्याआधी बोलायला हवं. पण होतं काय, की डीएम फासा टाकतो, "अठरा" म्हणतो आणि मग फायटर म्हणतो, "मी ढाल मधे घालतो, दुसरा फासा टाक."

"तसाही दुसरा फासा पडणारच होता, काय बिघडलं?" हा युक्तिवाद मी बऱ्याचदा ऐकलाय, आणि तो अर्धा खरा आहे. त्या एका वारापुरतं गणित बदलत नाही. दोन्ही फासे लागणारे पडले तरच वार लागतो, दुसरा आधी टाका की नंतर. बदलतं ते दुसरंच. पहिला फासा पाहून बोलायची मुभा मिळाली, तर चुकलेल्या वारावर फायटर रिॲक्शन कधीच खर्च करणार नाही. ती पुढच्या वारासाठी शिल्लक राहील. आधी बोलायचं असेल तर रिॲक्शन वाया जाण्याचा धोका असतो, आणि तो धोकाच या क्षमतेची किंमत आहे. किंमत काढून टाकायची असेल तर जरूर टाका, पण ठरवून टाका. नकळत नको.

आता 'शील्ड' हा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र. त्याचा ट्रिगर वार लागल्यानंतर येतो. एसी (वार लागायला शत्रूच्या फाशाची बेरीज किमान जेवढी यावी लागते तो आकडा) ५ ने वाढतो, ज्या वारामुळे स्पेल टाकला त्यालाही तो लागू होतो आणि तुमच्या पुढच्या टर्नच्या (पाळीच्या) सुरुवातीपर्यंत टिकतो. विझार्डचा एसी १५ असेल तर १५ ते १९ बेरजेचे वार शील्डने हुकतात. २० किंवा जास्त आले तर नाही. सुरुवातीचा तो एकोणीसचा वार हुकलाच असता, म्हणून तर विझार्ड तेवढा चिडला.

इथे एक प्रश्न नियमांत उघडा राहतो. खेळाडूला बेरीज सांगायची की नुसतं "लागला" म्हणायचं? शील्डच्या वर्णनात याबद्दल काही नाही. माझं मत ठाम आहे, आकडा सांगा. खेळाडू पहिल्या पातळीचा स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) मोजतोय आणि त्या फेरीतली एकमेव रिॲक्शनही देतोय. त्यावर पुन्हा आंधळी कोशिंबीर कशाला? काही डीएमना फासे पडद्याआड ठेवायला आवडतं. ठेवा, पण मग सगळ्या मोहिमेत तसंच ठेवा. आज आकडा सांगितला आणि उद्या बॉसच्या लढाईत लपवला, असं चालणार नाही.

फाशावर नैसर्गिक २० आले तर एसी कितीही असो, वार लागतोच. तिथे शील्ड त्या वाराला अडवत नाही. तरी टाकून उपयोग नाही असंही नाही, कारण त्याच शत्रूचे अजून दोन वार यायचे असतील तर वाढलेला एसी त्यांना लागू होईल. हा विचार करायला खेळाडूला दोन सेकंद लागतात. ते द्यावेत.

'रोग' या चोरट्या पात्राची 'अनकॅनी डॉज' शील्डसारखीच वार लागल्यावर येते, पण ती वार हुकवत नाही, डॅमेज अर्धं करते. क्रिटिकललाही, म्हणजे जादा डॅमेजच्या वारालाही, चालते. मात्र अट आहे की हल्ला करणारा दिसला पाहिजे, अंधारातून आलेल्या बाणावर ती चालत नाही. आणि काटेकोर वाचलं तर निर्णय डॅमेजचा आकडा कळण्याआधी घ्यायचा असतो. बऱ्याच टेबलांवर रोग आधी डॅमेज ऐकतो, चार आले तर गप्प बसतो आणि सव्वीस आले की डॉज आठवते. याउलट बॅटल मास्टर फायटरची 'पॅरी' ही शत्रूने डॅमेज केल्यावरची आहे, तिथे आकडा ऐकून ठरवणं अगदी नियमाला धरून. 'ॲबसॉर्ब एलिमेंट्स'ही तशीच, आग, थंडी, वीज, ॲसिड किंवा गडगडाटाचं डॅमेज घेताना टाकायची. शील्ड तिथे निरुपयोगी. फायरबॉल या आगीच्या स्पेलमध्ये तुमच्यावर वाराचा फासा पडतच नाही, सेव्ह (परिणामातून सुटायचा फासा) तुम्ही करता. तरीही "फायरबॉल? शील्ड!" हे वाक्य नव्या विझार्डच्या तोंडून एकदा तरी येतंच.

बार्डच्या, शत्रूची बेरीज घटवणाऱ्या, 'कटिंग वर्ड्स'मध्ये तर पुस्तक बदललं की वेळही बदलते. २०१४ मध्ये फासा पडल्यानंतर, पण निकाल जाहीर होण्याआधी बोलायचं होतं. २०२४ मध्ये शत्रूचा वार यशस्वी ठरल्यावर बोलता येतं. एका खेळाडूकडे जुनं पुस्तक आणि डीएमकडे नवं, म्हणजे भांडण ठरलेलंच. पहिल्या सेशनला एकच प्रश्न विचारून घ्या, कोणतं पुस्तक चालणार?

उपाय कंटाळवाणा आहे, पण काम करतो. कॅरेक्टर शीटवर प्रत्येक रिॲक्शनच्या नावापुढे चारपैकी एक शब्द लिहायचा: जाहीर, फासा, निकाल किंवा डॅमेज. वर्णन पुन्हा वाचायची गरज पडत नाही.

डीएमचं एका दमात बोलणं

वरच्या चुका खेळाडूंच्या. ही डीएमची, आणि निम्मे वाद इथेच जन्मतात.

वार, निकाल आणि डॅमेज एकाच वाक्यात सांगितलं की मधल्या सगळ्या फटी बुजतात. त्याऐवजी असं बोलून बघा. "ऑर्क तुझ्यावर कुऱ्हाड उगारतो." थांबा. फासा टाका. "एकोणीस, लागतोय का?" थांबा. मग डॅमेज. "लागतोय का" असं विचारण्याचा आणखी एक फायदा म्हणजे एसी किती हे खेळाडूनेच सांभाळायचं, तुम्हाला सगळ्यांचे आकडे डोक्यात ठेवावे लागत नाहीत.

"असं केलं तर लढाई रेंगाळेल" हा आक्षेप रास्त आहे, पण प्रत्येक वारापाशी थांबायचं कुणी सांगितलंय? रिॲक्शन संपलेल्या किंवा रिॲक्शनने काही करूच न शकणाऱ्या बार्बेरियनवर वार असेल तर एका दमात सांगा. कुणाकडे कोणत्या फटीतला बचाव आहे याची चिठ्ठी पडद्याआड चिकटवून ठेवली की कुठे थांबायचं ते आपसूक कळतं.

ऑनलाइन टेबलांवर हा त्रास जास्त. एका क्लिकमध्ये वाराचा फासा, डॅमेजचा फासा आणि हिट पॉइंट्समधली (उरलेल्या जिवाच्या आकड्यातली) वजाबाकी, तिन्ही होऊन जातं. सोय म्हणून छान, पण रोगला डॅमेज आधी दिसतं आणि विझार्डला बोलायला फटच उरत नाही. सेटिंग्जमध्ये डॅमेज आपोआप टाकणं आणि आपोआप लावणं बंद करता येत असेल तर निदान खेळाडूंवरच्या वारांसाठी ते बंद ठेवा.

आणि वेळ चुकलीच तर? मी सरळ हिशेब ठेवतो. डीएम थांबला होता आणि खेळाडू फोनमध्ये होता, तर संधी गेली. डीएम थांबलाच नव्हता, तर डॅमेज मागे घ्यायचं आणि खेळाडूला बोलू द्यायचं. घाई ज्याने केली त्याने सोसावी.

तिन्ही वारांचे फासे एकदम

मल्टिॲटॅक (एका टर्नमध्ये अनेक वार) असलेला राक्षस आला की वेळ वाचवायला तीन फासे एकदम टाकले जातात. "बारा, एकवीस, सतरा." आता रोग सगळं बघून ठरवतो की डॉज कोणत्या वारावर लावायची. नियमांत त्याला पहिल्या लागलेल्या वारावरच जुगार खेळायचा होता: आत्ता वापरू की पुढचा वार जास्त जोराचा असेल? विझार्डचंही तेच. पहिल्या वारावर शील्ड टाकलं तर पुढचे दोन्हीही वाढलेल्या एसीला सामोरे जातात. तीन आकडे समोर असताना तो निर्णय म्हणजे उत्तरपत्रिका बघून दिलेली परीक्षा.

मोठ्या शत्रूचे वार एकेक करून टाका. दहा सांगाड्यांचा घोळका असेल आणि ज्यांच्यावर ते तुटून पडलेत त्यांच्याकडे बचावाची रिॲक्शनच नसेल, तर खुशाल मूठभर फासे उधळा.

नवी फेरी म्हणजे नवी रिॲक्शन, हा गैरसमज

पाचव्या आवृत्तीत रिॲक्शन परत मिळते ती तुमच्या स्वतःच्या टर्नच्या सुरुवातीला. फेरीच्या सुरुवातीला नाही. समजा फायटरचा इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारा आकडा (मोठा आधी), ८ आहे. पहिल्या फेरीत त्याचा टर्न झाला, मग ५ वर एक गॉब्लिन त्याच्यापासून पळाला आणि फायटरने ऑपॉर्च्युनिटी ॲटॅक केला. रिॲक्शन गेली. डीएम म्हणतो "दुसरी फेरी", आणि २० वर ओगर सोबत्यावर वार करतो. फायटर लगेच म्हणतो, "प्रोटेक्शन!" नाही मिळणार. ८ येईपर्यंत थांबावं लागेल.

शील्ड आणि 'डॉज' ॲक्शनचा (रोगच्या अनकॅनी डॉजहून वेगळी, टर्न वार चुकवण्यात घालवायची कृती) परिणामही असाच स्वतःच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत. त्यामुळे खेळाडूला "तुझा टर्न" म्हटल्याबरोबर त्याने तीन गोष्टी कराव्यात: रिॲक्शन परत घ्यावी, शील्ड उतरवावं, डॉज संपवावी. समोर एखादी चकती ठेवा. रिॲक्शन वापरली की उलटी, टर्न आला की सुलटी. मोठ्या माणसांना हे बालिश वाटतं, पण दोन लढायांनंतर चकती नसली की चुकल्यासारखं होतं.

आता याच विषयातली एक बारीक गाठ, जी अनुभवी खेळाडूंच्याही हातून सुटते. स्वतःच्या टर्नमध्येही रिॲक्शन वापरता येते. विझार्ड स्पेल टाकून शत्रूपासून दूर पळाला आणि त्याच्यावर ऑपॉर्च्युनिटी ॲटॅक झाला, तर शील्ड चालेल का? २०१४ च्या नियमांत, त्या टर्नमध्ये बोनस ॲक्शनने (मुख्य ॲक्शनशिवायची छोटी कृती) कोणताही स्पेल टाकला असेल तर नाही, कारण मग त्याच टर्नमध्ये दुसरा स्पेल म्हणून फक्त ॲक्शनवाली कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल) टाकता येते. ॲक्शनने फायरबॉल टाकून पळाला असेल तर चालेल. २०२४ मध्ये नियम साधा झाला आणि कडकही, एका टर्नमध्ये स्लॉट खर्चून एकच स्पेल. म्हणजे फायरबॉलनंतर त्याच टर्नमध्ये स्लॉटने शील्ड नाही. पळायचंच असेल तर आधी विचार करा.

तयारीत राहिलो होतो, तरी वार बसला

रेडी ॲक्शन, म्हणजे ठरावीक ट्रिगर आला की करायची कृती आधीच तयार ठेवणं. जुन्या ३.५ आवृत्तीत वाढलेल्या खेळाडूंची इथे हमखास फसगत होते. तिथे तयार ठेवलेली कृती ट्रिगरच्या आधी घडायची. पाचव्या आवृत्तीत ती ट्रिगर पूर्ण झाल्यावर घडते. "त्याने माझ्यावर बाण मारला की मी खांबामागे जातो" असं जुन्या नियमांत म्हणालात तर बाण सुटण्याआधी तुम्ही खांबामागे. नव्यात बाण आधी लागणार आणि मग तुम्ही जखमी होऊन खांबामागे जाणार. बैल गेला आणि झोपा केला.

तोड एकच, ट्रिगर अलीकडचा निवडा. "तो दारातून आत आला की", "तो धनुष्य हातात घेईल तेव्हा". दिसू किंवा ऐकू येईल अशी गोष्ट हवी, शत्रूच्या मनातला हेतू नाही.

तयार ठेवलेली कृती करायलाही रिॲक्शनच जाते, हे लोक विसरतात. स्पेल रेडी ठेवलात तर स्लॉट त्याच क्षणी खर्च होतो, वर कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवरचं लक्ष) धरून ठेवावं लागतं आणि ट्रिगर आलाच नाही तर स्लॉट वाया. मधल्या वेळात शील्ड टाकलंत तर रिॲक्शन गेली, तो स्पेल सुटणारच नाही. पाथफाइंडर नावाच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत रेडीला तीनपैकी दोन ॲक्शन लागतात आणि वर रिॲक्शन, म्हणजे तिथे तर आणखी महाग.

काउंटरस्पेलची फट

हा बचाव जाहीर होण्याच्या क्षणाचा आहे. शत्रू ६० फुटांच्या आत, दिसेल असा, स्पेल टाकतोय, आणि तुम्ही मधे तोडता. पण डीएम म्हणतो, "तो फायरबॉल टाकतो, सगळे डेक्स सेव्ह करा." सेव्हचे फासे पडायला लागले की फट बंद.

शत्रू स्पेल टाकताना डीएमने नाव न घेता सुरुवात करावी: "तो हात वर करून मंत्र पुटपुटायला लागतो." आणि थांबावं. कोणी काही बोललं नाही तर मग "फायरबॉल". नाव आधी सांगायचं की नाही यावर मतभेद आहेत. २०१७ च्या एका पूरक पुस्तकात पर्यायी नियम आला की स्पेल पडताना ओळखायचा असेल तर त्यासाठीही रिॲक्शन खर्चायची, आणि आर्केनाची (जादूच्या ज्ञानाची) चाचणी १५ अधिक स्पेलची पातळी एवढी. म्हणजे ओळखलं तर तोडता येत नाही आणि तोडायचं तर आंधळेपणाने. मला हा नियम पटतो, कारण काउंटरस्पेल त्याने जुगार बनतो. पण शेजारच्या सॉर्सररने ओळखून ओरडायचं आणि विझार्डने तोडायचं, ही युक्ती चालते का, हे आधीच ठरवून ठेवा.

कोण कोणतं पुस्तक वापरतंय हा प्रश्न इथेही येतो. २०१४ मध्ये तिसऱ्या पातळीपर्यंतचा स्पेल आपोआप तुटतो, त्यावरच्यासाठी तोडणारा फासा टाकतो. २०२४ मध्ये ज्याचा स्पेल तुटतोय तो कॉन्स्टिट्यूशन (शरीराच्या चिवटपणाचा) सेव्ह करतो, आणि तुटला तरी त्याचा स्लॉट वाचतो.

डॉज केली होती, पण ती कधीच संपली

डॉज ॲक्शन घेतलेला खेळाडू निर्धास्त असतो. मग त्याला कोणीतरी ग्रॅपल करतो (धरून ठेवतो), वेग शून्य होतो, आणि डॉजचा फायदा तिथेच संपतो. हे ना खेळाडूच्या लक्षात येतं ना डीएमच्या. न दिसणाऱ्या शत्रूच्या वारावरही डॉज चालत नाही. याहून जास्त सांगण्यासारखं यात काही नाही, फक्त ग्रॅपल झालं की एकदा विचारा, "कोणी डॉजमध्ये होतं का?"

पाथफाइंडरमध्ये ढाल न उचलता अडवणं

पाथफाइंडर दुसरी आवृत्ती खेळायला आलेला डंजन्सवाला पहिल्याच लढाईत म्हणतो, "शील्ड ब्लॉक." जीएम (तिथला डीएम) विचारतो, "ढाल उचलली होतीस?" नव्हती. इथे ढाल उचलणं ही तुमच्या टर्नमधली एक ॲक्शन आहे. तिने पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत एसीला २ मिळतात. शील्ड ब्लॉक ही रिॲक्शन उचललेल्या ढालीनेच, आणि शारीरिक डॅमेज बसायच्या वेळी. म्हणजे बचावाचा अर्धा निर्णय तुमच्या टर्नमध्ये, अर्धा शत्रूच्या. तिसरा वार करायचा की ढाल उचलायची, हा या खेळातला खरा प्रश्न. तिसऱ्या वाराला एवढा दंड असतो की उत्तर बहुधा ढालच.

इथे डॅमेज आधी ऐकणं योग्य आहे, कारण हिशेबच तसा आहे. साध्या पोलादी ढालीची हार्डनेस ५, हिट पॉइंट्स २०, आणि १० वर ती मोडते. चौदा डॅमेज आलं तर पाच ढालीने खाल्लं, उरलेलं नऊ तुम्हालाही आणि ढालीलाही. ढाल ११ वर. असाच आणखी एक वार अडवलात तर ती २ वर येते, म्हणजे मोडली, आणि दुरुस्त होईपर्यंत बचावाला नाही. कधी कधी चौदा अंगावर घेऊन ढाल वाचवणं शहाणपणाचं असतं.

'निंबल डॉज' मात्र फासा पडण्याआधीची, शत्रूने तुम्हाला लक्ष्य केल्याबरोबर. तिचे २ आणि उचललेल्या ढालीचे २ एकत्र धरण्याची चूक फार जण करतात. दोन्ही एकाच प्रकारचे बोनस, त्यामुळे एकच लागू होतो, आणि उचललेल्या ढालीमागे निंबल डॉज म्हणजे फुकट गेलेली रिॲक्शन. "दोनने काय होतंय" म्हणून ती सोडूही नका. या खेळात एसीपेक्षा १० ने जास्त आलं की क्रिटिकल, तेव्हा ते दोन कधी वार चुकवतात, तर कधी क्रिटिकलचा साधा वार करतात.

जिथे बचाव म्हणजे रिॲक्शनच नाही

गर्प्स या खेळात वार लागला की बचाव करणारा स्वतः फासे टाकतो, आणि डॅमेज त्यानंतर. डॉज प्रत्येक वारावर करता येते. ढालीने ब्लॉक टर्नमध्ये एकदाच. पॅरी अनेकदा, पण त्याच शस्त्राने प्रत्येक पुढच्या पॅरीला सहसा उणे ४. तलवारीचं कौशल्य १४ असेल तर पॅरी १०, दुसरी ६, तिसरी २. तीन फाशांवर १० किंवा कमी येण्याची शक्यता निम्मी, ६ किंवा कमी येण्याची ९ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा पहिल्याच फालतू वारावर पॅरी उडवू नका, खंजीरवाल्याला डॉजने चुकवा आणि पॅरी मोठ्या तलवारीसाठी ठेवा.

इथली महागडी चूक मात्र 'ऑल-आउट ॲटॅक'ची. तो निवडलात की पुढच्या टर्नपर्यंत सक्रिय बचाव नाही, डॉज नाही, पॅरी नाही, काही नाही. खेळाडू चार जादा गुणांच्या मोहाने तो निवडतो आणि शत्रूचा टर्न आला की म्हणतो, "मी डॉज करतो." जीएमने निवडतानाच विचारावं, "बचाव सोडतोयस, नक्की?"

कॉल ऑफ क्थुलूच्या सातव्या आवृत्तीत दोघांचे फासे समोरासमोर पडतात, म्हणून चुकवायचं की उलट हाणायचं ते आधी सांगावं लागतं. फरक बरोबरीत दिसतो: चुकवत असाल तर बरोबरीत तुम्ही वाचता, उलट हाणत असाल तर हल्ला करणारा जिंकतो. फेरीत एकदा बचाव केलात की पुढच्या हातघाईच्या हल्लेखोरांना बोनस फासा मिळतो, म्हणून घेरले गेलात तर पळण्याचा विचार करा. गोळी तर चुकवता येतच नाही, फक्त आडोशाला झेप घेता येते. शॅडोरनच्या पाचव्या आवृत्तीत मधेच डॉज केली तर इनिशिएटिव्हमधून ५ वजा होतात आणि पूर्ण बचाव घेतला तर १०, म्हणजे आत्ताच्या बचावाची किंमत पुढच्या पाळीतून जाते. ड्रॅगनबेनमध्ये पॅरी किंवा डॉज केली की त्या फेरीतला तुमचा टर्नच गेला. या खेळांत "बचाव फुकट असतो" ही डंजन्सची सवय फार महागात पडते.

अचानक हल्ल्यात

२०१४ मध्ये बेसावध पकडला गेलेला पहिला टर्न संपेपर्यंत रिॲक्शन घेऊ शकत नाही. म्हणजे दबा धरलेल्या मारेकऱ्याच्या पहिल्या वारावर शील्ड नाही. पण त्या विझार्डचा इनिशिएटिव्ह मारेकऱ्यापेक्षा जास्त आला असेल, तर त्याचा निष्क्रिय टर्न आधीच उलटून गेलेला असतो आणि शील्ड चालतं. बरेच डीएम पूर्ण फेरीभर बंदी घालतात. ते चूक. २०२४ मध्ये सगळं सोपं, फक्त इनिशिएटिव्हला डिसअॅडव्हान्टेज. पाथफाइंडरमध्ये पहिल्या टर्नआधी रिॲक्शन मिळते का हे जीएम ठरवतो, म्हणजे त्याने लढाई सुरू होतानाच सांगून टाकावं.

दोघं एकदम ओरडतात

विझार्डवर वार आला. बार्ड आणि स्वतः विझार्ड, दोघांकडे तो हुकवण्याचा उपाय आहे. दोघं एकदम बोलतात आणि दोघांचे खर्च उडतात, जिथे एकाने भागलं असतं. बऱ्याचदा टप्पेच क्रम लावतात. २०१४ ची कटिंग वर्ड्स निकालाआधी, शील्ड निकालानंतर, मग भांडायचं कशाला? बार्ड आधी, त्याने वार हुकला तर शील्डची गरजच नाही.

दोन्ही बचाव एकाच फटीतले असतील तेव्हा काय? एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींचा क्रम ज्याचा टर्न चालू आहे त्याने ठरवायचा, असा पाचव्या आवृत्तीत एक नियम आहे. शत्रूचा टर्न असेल तर तो हक्क डीएमकडे जातो. मी तो वापरत नाही. ज्याच्यावर वार पडतोय त्याला पहिली संधी, तो नको म्हणाला तर बाकीच्यांना, आणि पहिल्याच्या उपायाने वार हुकला तर दुसऱ्याचा खर्च परत. एवढं एकदा ठरवून टाकलं की लोक ओरडायचं सोडून एकमेकांना विचारायला लागतात, "तू करतोस की मी करू?"